निरंक

साहेब म्हणाले, वर्षभराचं चार पानांत लिहून द्या,
गुन्हे वेगळे, उपक्रम वेगळे.
मी डायऱ्या काढल्या. एकीत सुकलेला सुरंगीचा वळेसर निघाला.
कुणाचा, त्याचा तपास मी केला नाही.

जानेवारीत नाचण्याची शाळा ठाणं बघायला आली.
पोरांना फक्त कोठडी बघायची होती.
आत दोन बेवारस सायकली आणि एक झाडू.
"चोर कुठंयत?" एकानं विचारलं, कुणी फसवल्यासारखं.
मी म्हटलं, जेवायला गेलेत.

शिमग्यात दोन वाड्या हातघाईवर आल्या.
पालखीच्या जुन्या वाटेवर आता सात मजले,
खाली पार्किंग, आडवा दांडा, वॉचमन.
कलमं मी वाचली, ढोलात ती कुणाला ऐकू गेली नाहीत.
शेवटी वॉचमननंच दांडा वर केला
आणि देव गाड्यांमधून वाट काढत गेला.
तिसऱ्या मजल्यावरच्या सिन्हाबाई
नारळ कसा धरायचा ते विचारत खाली आल्या.
मीच दाखवला. वर्दीत, चपला काढून.

आंब्याच्या दिवसांत राखणदारांची नोंदणी.
कर्णबहादुरनं फोटोसाठी स्टुडिओतला कोट घातला,
स्टुडिओतलाच टाय.
फॉर्मवर तोच बागेचा मालक दिसतो.
ओळखीची खूण? त्यानं हात पुढं केले,
चीक उडून भाजलेले.
रकाना अर्ध्या इंचाचा होता.

मासेमारी बंद, होड्या झापांखाली, माणसं रिकामी,
म्हणून मिरकरवाड्यात व्हॉलीबॉल ठेवला. पोलीस विरुद्ध खलाशी.
गुण लिहायला मी.
तिन्ही सेट हरलो. इम्तियाज होडेकरचा एक फटका
थेट माझ्या वहीवर आला, शाई फुटली.
ऑगस्टात त्याचाच फोन, "मॅडम, भाट्याला वाळूत
एक पाकीट आलंय. चिकटपट्टीचं. मी हात नाय लावला."
आम्ही पोचेपर्यंत तो उभा होता,
कुत्री हाकलत, एका पायात चप्पल.

हेल्मेटच्या शपथेचे फोटो चांगले आलेत.
पहिल्या रांगेत श्रीधर पिलणकर, आवाज सगळ्यांत मोठा.
नोव्हेंबर. हातखंब्याची उतरण.
हेल्मेट घरी खुंटीला, किमतीची चिठ्ठीही न काढलेलं.
त्याच्या आईनं ते माझ्या हातात दिलं, कुणालातरी द्या म्हणाली.
माझ्या कपाटात आहे.
मुद्देमाल नाही, त्यामुळे नोंद नाही.

आणि द्वारकाबाई शिवलकर, वय एकाहत्तर.
फोनवरच्या खोट्या पोलिसानं चार लाख नेले,
म्हणून खऱ्याला दार नाही.
पाच फेऱ्या मी जिन्यातूनच परतले.
ओळखपत्र दाखवलं की म्हणायच्या, "त्यानं पण दावलंनीत."
सहाव्यांदा साखळीच्या फटीतून एक डोळा,
"कंचा गाव गो तुजा?"
देवरूख.
"आनी देवी?"
सोळजाई.
साखळी निघाली. आत चहा आधीच उकळत होता.

पैसे मिळाले नाहीत. तपास चालू आहे,
हे वाक्य मी तीन ठिकाणी लिहिलंय.
पण महिन्यातून दोनदा तरी,
रात्री साडेदहाच्या सुमारास, ठाण्याचा फोन वाजतो.
तक्रार नाही, नाव नाही, पत्ता नाही.
पलीकडून एकच शब्द, विचारल्यासारखा:
"सोळजाई?"
मी म्हणते, आहे.
फोन ठेवला जातो.

कॉलचे स्वरूप, या रकान्यात
मी दर वेळी लिहिते, निरंक.
साहेब, हे चार पानांत बसत नाही,
आणि वेगळं काढलं तर पाचवं पान
जवळजवळ कोरंच दिसेल.